उल्हास नदीची पातळी कुठे लिहायची?

बदलापूरच्या बॅरेजपाशी उल्हास नदीची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोक्याची पातळी 17.50 मीटर. हेंद्रेपाडा, रमेशवाडी या बदलापूर पश्चिमेच्या भागांत हे आकडे लोकांना तोंडपाठ असतात. जुलैत संततधार लागली की तिसरा आकडा फिरू लागतो, तो आत्ताच्या पातळीचा. 27 जुलै 2019 रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा दिवशी पातळीचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकीच तो किती वाजता घेतला ही नोंद महत्त्वाची.

हा आकडा लोकांपर्यंत पोचतो कसा? लेटरहेडवर छापलेल्या सूचनेचा फोटो, वेबसाइटवर सरकणारी लाल पट्टी, फेसबुकची पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, एखाद्या अ‍ॅपमधलं नोटिफिकेशन. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तो नव्याने टाईप करतं. तासाभराने पातळी बदलते तेव्हा दोन ठिकाणी दुरुस्ती होते आणि तीन ठिकाणी जुना आकडा तसाच राहतो. फोटोतला आकडा तर यंत्राला सहजासहजी आकडा म्हणून दिसत नाही. अंध माणसाच्या फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या फोटोपाशी येऊन बहुधा गप्प बसतं. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, आणि सगळ्यांना वाचता येईल असा मजकूर हा त्यांचा गाभा आहे. तरी फोटोची सवय सुटलेली नाही, कारण फोटो काढायला एक मिनिट लागतं.

हेडलेस सीएमएस म्हणतात ती, म्हणजे मजकूर सांभाळणारी पण तो दाखवायचं काम वेगळं ठेवणारी, सॉफ्टवेअर नेमक्या या दुखण्यावर आहेत. आपण एक उदाहरण धरू. अंबरनाथ-बदलापूरकडे राहणाऱ्या तीन-चार डेव्हलपरांच्या टीमने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांसाठी एक माहितीसेवा उभी करायला घेतली. पाणी कधी येणार नाही, कुठला रस्ता बंद आहे, नदी कुठवर आली आहे, हे सगळं वेबसाइट, अ‍ॅप, मोबाइलवरचा एसएमएस आणि एखाद्या कार्यालयातला पडदा अशा चार ठिकाणी दिसायला हवं. टीमच्या पहिल्या बैठकीत प्रश्न येतो तो हा, की स्ट्रॅपी घ्यायचं, कंटेंटफुल घ्यायचं की आपलं वर्डप्रेसच बरं? माझ्या मते हा प्रश्न पहिल्या बैठकीत यायलाच नको. पण तो येतोच, तेव्हा आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात पाहू.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मे 2003 मधली. त्यात लिहिणं आणि दाखवणं एकाच जागी होतं. तुम्ही मजकूर टाकता, आणि तेच सॉफ्टवेअर वेबपान रचून वाचकाला देतं. वेबपान हेच एकमेव गंतव्य होतं तोवर यात काही चूक नव्हती. स्मार्टफोन आल्यावर गंतव्यं वाढली. अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने 2009 च्या सुमारास आपली पद्धत जाहीरपणे मांडली. मजकूर एकदाच तयार करायचा, त्याचे शीर्षक, सारांश, ध्वनिफीत, तारीख असे भाग सुटे ठेवायचे, आणि ज्याला जे हवं ते त्याने एपीआयमधून, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या ठरलेल्या वाटेने, उचलायचं. या विचाराचा पुढे धंदा झाला. बर्लिनमध्ये 2013 साली कंटेंटफुल सुरू झालं. ऑस्लोच्या सॅनिटीचा जन्म रेम कूलहास यांच्या वास्तुरचना कार्यालयाच्या वेबसाइटच्या कामातून झाला. फ्रान्समध्ये काही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून 2015 मध्ये स्ट्रॅपी आलं. वर्डप्रेसही मागे राहिलं नाही. डिसेंबर 2016 च्या 4.7 या आवृत्तीपासून त्याचा मजकूर एपीआयने बाहेर काढता येतो, आणि दिसणारं पान तुम्ही दुसऱ्या कशातही बनवू शकता. म्हणजे ‘हेडलेस की वर्डप्रेस’ ही जोडीच मुळात चुकीची आहे.

आता पहिल्या बैठकीकडे परत जाऊ. तिथे संगणक बंद ठेवून एक कागद घ्यावा आणि त्यावर पाणीपुरवठ्याची एक सूचना आखावी. तिच्यात काय काय असतं? कुठला भाग, कधीपासून, कधीपर्यंत, कारण, पर्यायी सोय, कुणी दिली, कधी दिली. प्रत्येकाला स्वतंत्र फील्ड, म्हणजे वेगळा रकाना. पुष्कळ टीम इथेच घसरतात. ‘मजकूर’ नावाचा एकच मोठा चौकोन ठेवतात आणि लिहिणाऱ्याने त्यात सगळं भरावं अशी अपेक्षा करतात. मग ‘शुक्रवार दि. 12 रोजी सकाळी 9 ते शनिवार सकाळी 9’ हे वाक्य माणसाला कळतं, पण ‘आत्ता माझ्याकडे पाणी आहे का’ या अ‍ॅपमधल्या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही. असा एकच चौकोन असेल तर जगातलं सर्वांत महागडं हेडलेस सॉफ्टवेअर घेऊनही हाती पडतो तो लेटरहेडचा फोटोच, फक्त टाईप केलेला.

‘कुठला भाग’ हे फील्ड तर वाटतं त्याहून बिकट आहे. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गावाला आजचं नाव मिळालं. छावणीचे पाच भाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. आता एकच जागा कुणी ‘कॅम्प 4’ लिहितं, कुणी ‘कॅम्प नं. ४’, कुणी ‘उल्हासनगर-4’. माणसाला तिन्ही एकच, यंत्राला तीन वेगळी गावं. म्हणून भाग हा टाईप करायचा शब्द नसावा, आधी तयार केलेल्या यादीतून निवडायची नोंद असावी. सूचना त्या नोंदीशी जोडलेली असावी. याला रिलेशन म्हणतात. ती किती सहज जोडता येते, एका सूचनेला सात भाग जोडले तर लिहिणाऱ्याला किती वेळा बोट दाबावं लागतं, हे तपासणं हीच खरी तुलना. जाहिरातीच्या पानावरच्या बरोबरच्या खुणा मोजून ते कळत नाही.

आणि नदीची पातळी? कागद आखताना हा प्रश्न आला की टीम विचारात पडते, आणि पडायलाच हवी. इशारा पातळी, धोक्याची पातळी, धोक्याची पातळी ओलांडल्यावर कुणी कुठे जायचं, निवारा कुठल्या शाळेत, ही माहिती कुणीतरी विचार करून लिहितं आणि ती वर्षानुवर्षं टिकते. ती सीएमएसमध्ये. दर तासाची मोजणी मात्र लेखन नाही, नोंद आहे. पावसाळ्यात तिच्या हजारो ओळी होतात. प्रत्येक मोजणी ‘पोस्ट’ म्हणून साठवली तर मसुदा, आवृत्त्या, मंजुरी असा सगळा गोतावळा तिच्यामागे लागतो. ती साध्या डेटाबेसच्या टेबलात जावी आणि पडद्यावर दोन्ही एकत्र दिसावीत. तक्रार अर्जांतली नावं आणि फोन नंबर यांनाही हाच न्याय. ते सीएमएसमध्ये ठेवूच नयेत.

हे ठरलं की निवडीचा अर्धा गुंता आपोआप सुटतो. माहितीचा मोठा भाग आधीच टेबलांत पडलेला असेल तर डिरेक्टस पाहावं. आहे त्या एसक्यूएल डेटाबेसवर ते बसतं आणि त्याच टेबलांना लिहिण्यावाचण्याचा चेहरा देतं. टीमचे हात टाइपस्क्रिप्ट आणि नेक्स्ट जेएसवर बसलेले असतील तर पेलोड. त्याची 2024 अखेरची तिसरी आवृत्ती थेट नेक्स्टच्या प्रकल्पातच बसते, आणि फील्डची रचना कोडमध्ये लिहिली जात असल्याने कुणी कधी काय बदललं याचा इतिहास गिटमध्ये राहतो. फील्ड माउसने आखायची असतील तर स्ट्रॅपी सोपं. हे तिन्ही आपल्या सर्व्हरवर चालतात. सर्व्हर सांभाळायला कुणी नसेल तर सॅनिटी, कंटेंटफुल, स्टोरीब्लॉक अशा भाड्याने मिळणाऱ्या सेवा.

भाड्याचा फ्लॅट आणि मालकीचा फ्लॅट यांतला फरक इथे जसाच्या तसा लागू आहे. भाड्यात गळतीची काळजी मालकाची, पण भाडं कधी वाढेल हे तुमच्या हाती नाही. इथे ते डॉलरमध्ये असतं, शिवाय लिहिणारी माणसं, नोंदी, भाषा, एपीआयकडे येणाऱ्या विनंत्या अशा कशाकशावर मर्यादा असतात. फुकटची योजना चाचणीला पुरते, पुराच्या दिवसाला पुरेलच असं नाही. मालकीत सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर, बॅकअप, सुरक्षेच्या दुरुस्त्या तुमच्या गळ्यात. रात्री दोन वाजता, पावसात लोकल बंद असताना, बंद पडलेली सेवा कोण सुरू करणार? ज्या टीमकडे या प्रश्नाला उत्तर म्हणून एका माणसाचं नाव नाही, तिने भाड्याने घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मालकीचं म्हणजे कायमचं, हाही भ्रम. 2021 च्या अखेरीस स्ट्रॅपीची चौथी आवृत्ती आली आणि तिने मोंगोडीबी या डेटाबेसचा आधार काढून टाकला. त्यावर उभे असलेले प्रकल्प तिथेच अडकले. डिरेक्टसने 2023 मध्ये परवाना बदलला. आता वर्षाला 50 लाख डॉलरहून मोठी उलाढाल असलेल्या संस्थेने ते वापरायचं तर पैसे मोजायचे. पेलोड 2025 मध्ये फिग्मा कंपनीने विकत घेतलं. यातलं काहीच गैर नाही, पण दहा वर्षं चालवायच्या नागरी सेवेने हे गृहीत धरूनच पाया घालावा.

पूर आला की दोनचार तासांत हजारो लोक एकाच वेळी पान उघडतात. हेडलेस रचनेचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा इथे आहे, आणि विक्रीच्या सादरीकरणात तो क्वचित पुढे येतो. पानं आधीच तयार करून सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरांवर ठेवली तर वाचकांची गर्दी सीएमएसपर्यंत पोचतच नाही. सीएमएस पडलं तरी शेवटची सूचना लोकांना दिसत राहते. यातली खोच अशी की नवी सूचना प्रसिद्ध केल्यावर पानं पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. पूर्ण साइट नव्याने बांधायला दहा मिनिटं लागत असतील तर पुराच्या दिवशी ती दहा मिनिटं परवडत नाहीत. बदललेलं तेवढंच पान ताजं करता येतं का, हे निवडीआधीच करून पाहायला हवं.

भाषेचं तर या तीन शहरांत वेगळंच आहे. मराठी आणि हिंदी लागणारच. उल्हासनगरात सिंधीही हवी, आणि सिंधीला दोन लिप्या आहेत, उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी वळणाची आणि देवनागरी. बहुतेक सीएमएस ‘बहुभाषिक’ असल्याचं सांगतात, पण त्यांची तऱ्हा वेगवेगळी. कंटेंटफुलमध्ये नोंद एकच राहते आणि तिच्या प्रत्येक फील्डमध्ये भाषेगणिक वेगळा मजकूर देता येतो. स्ट्रॅपीत प्रत्येक भाषेसाठी नोंदीची वेगळी प्रत होते. पाणी बंद होण्याची वेळ भाषेप्रमाणे बदलत नाही, म्हणून ती एकाच ठिकाणी लिहिलेली असावी, नाहीतर मराठीत 9 आणि सिंधीत 10 असा घोळ ठरलेला. त्या-त्या सीएमएसमध्ये कुठली फील्ड भाषेवर अवलंबून आणि कुठली सामाईक हे ठरवता येतं का, भाषेसोबत लिपी वेगळी नोंदवता येते का, अरबी वळणाची सिंधी लिहिताना चौकोन उजवीकडून सुरू होतो का, हे पाहावं. देवनागरी सिंधीची ॻ, ॼ, ॾ, ॿ ही खाली रेघ असलेली अक्षरं युनिकोडमध्ये 2006 साली आली. निवडलेल्या फॉन्टमध्ये ती आहेत का हेही तपासावं, कारण मराठीला पुरणारा फॉन्ट तिथे रिकामे चौकोन दाखवू शकतो.

मराठीपुरतं बोलायचं तर दोन गोष्टी परदेशी तुलना-तक्त्यांत कधीच सापडणार नाहीत. पहिली गोष्ट पत्त्याची, म्हणजे वेबपानाच्या यूआरएलची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वार धरून, यूआरएलमध्ये सांकेतिक रूपात नऊ अक्षरं खातं. ‘अंबरनाथ’ या शब्दाची 63 होतात. वर्डप्रेस पानाच्या नावासाठी 200 अक्षरांची जागा देतं. आता ‘शुक्रवारी पाणीपुरवठा बंद नाही’ असं शीर्षक द्या. ‘शुक्रवारी-पाणीपुरवठा-बंद’ इथवर बरोबर 200 भरतात आणि ‘नाही’ कापलं जातं. पत्ता वाचणाऱ्याला उलटाच निरोप. स्ट्रॅपीच्या या कामाच्या फील्डमध्ये मूळ मांडणीत देवनागरी चालतच नाही, फक्त रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं. माझा सल्ला असा की पत्त्यात शीर्षक घालूच नये. तारीख आणि क्रमांक पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट ‘ऱ’ची. ‘कर्मचाऱ्यांना’ हा शब्द कार्यालयीन मराठीत पावलोपावली येतो. त्यातला ऱ्या संगणकावर तीन प्रकारे लिहिला जातो. एकसंध नुक्त्याचा ऱ वापरून, साध्या र ला सुटा नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. तिन्ही पडद्यावर एकसारखे दिसतात, पण शोध घेणाऱ्या डेटाबेसला ते तीन वेगळे शब्द वाटू शकतात. एका लिपिकाने फोनवर लिहिलेली सूचना दुसऱ्याने संगणकावरून शोधली तर ती सापडत नाही, आणि सगळे म्हणतात ‘सिस्टीम खराब आहे’. उपाय साधा आहे. नोंद साठवायच्या क्षणी मजकूर एका ठरावीक रूपात आणणारा थोडासा कोड लिहायचा. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणित रूपांतरणाने एक होतात, तिसऱ्यासाठी स्वतःचा नियम घालावा लागतो. तेव्हा साठवण्याआधी आपला कोड चालवता येतो का, हा प्रश्न यादीत वर हवा. स्ट्रॅपी, पेलोड, डिरेक्टस तिघांत तशी सोय आहे.

या सगळ्यात ज्याचा शब्द शेवटचा मानायला हवा त्याला बैठकीला सहसा बोलावलेलंच नसतं. ती म्हणजे सूचना टाईप करणारी व्यक्ती. डेव्हलपर सीएमएससोबत चार महिने काढतो, ती पुढची दहा वर्षं. वर्डप्रेसवर हात बसलेल्या माणसाला हेडलेस सीएमएसमध्ये पहिला धक्का बसतो तो असा, की आपण लिहिलेलं दिसणार कसं तेच कळत नाही. मजकूर चार ठिकाणी जाणार, मग दाखवायचं कुठलं ठिकाण? स्टोरीब्लॉकने लिहिता लिहिता पान दाखवणं हाच आपला मुख्य गुण केला आहे. पेलोड आणि सॅनिटीतही तशी सोय आहे, पण ती टीमला जोडून द्यावी लागते. अंदाजपत्रकात या कामाचे दिवस धरलेले नसतात आणि मग ते होतच नाही.

म्हणून दोन पर्याय उरले की त्या व्यक्तीला एक दुपार द्यावी. मागच्या पावसाळ्यातल्या वीस खऱ्या सूचना तिच्यासमोर ठेवाव्यात आणि दोन्हींत भरायला सांगाव्यात, अर्ध्या कार्यालयातल्या संगणकावर, अर्ध्या फोनवर. डेव्हलपरने मागे उभं राहून पाहावं आणि तोंड बंद ठेवावं. ती कुठे थांबते, कुठलं फील्ड रिकामं सोडते, कुठे नाइलाजाने कारणाच्या जागी सगळीच सूचना चिकटवते, यातून कळणारं तीन आठवड्यांच्या अभ्यासातून कळत नाही. अशा दुपारी वर्डप्रेस जिंकलं तर ते घ्यावं, फील्ड नीट आखावीत आणि एपीआयने मजकूर बाहेर काढावा. त्यात कमीपणा काही नाही. आणि ज्याला चार ठिकाणी काही पाठवायचंच नाही, कॅम्पातल्या एखाद्या फर्निचरच्या दुकानाची एक वेबसाइट आहे आणि एकच राहणार आहे, त्याने हे प्रकरण वाचून सोडून द्यावं. जीन्सच्या घाऊक व्यापाऱ्याचं मात्र तसं नाही. तोच माल, तेच साइज, तेच रंग त्याला स्वतःच्या साइटवर, विक्रीच्या दोन-तीन अ‍ॅपवर आणि छापील कॅटलॉगमध्ये द्यावे लागतात. त्याला सुटी फील्ड नक्की उपयोगी पडतील.

राहिला प्रश्न जुन्या मजकुराचा. अनेक कार्यालयांतल्या जुन्या सूचना श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत आहेत. त्या नव्या फील्डमध्ये चिकटवल्या की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरांत चुका राहतात आणि कुणाला तरी प्रत्येक ओळ वाचावी लागते. सगळं आणायच्या हट्टापायी प्रकल्प सहा महिने रखडतो. जे आजही लागू आहे, जसं की पुराच्या वेळच्या निवाऱ्यांची यादी, विभागांचे फोन, भागांची नावं, तेवढं हाताने नव्याने लिहून घ्यावं. बाकीच्या फायली पीडीएफ म्हणून तारखेनुसार एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि साइटवर त्याचा दुवा द्यावा. माहिती अधिकारात कुणी मागितलं तर तिथून काढून देता येतं.